डोळे ठीक आहेत, मग दिसत का नाही?

पत्र: डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मिस्टर ५८ वर्षांचे, अकाउंट्समध्ये आहेत. दोनेक वर्षं झाली, यांची एकच तक्रार, नीट दिसत नाही. चष्म्याचा नंबर बदलला, परत बदलला, मग एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फरक शून्य. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत. पण समोर ठेवलेला पेला यांना सापडत नाही, चहा कपाच्या बाहेर ओततात, शर्टाची बाही कुठली आणि गळा कुठला ते कळत नाही. पेपराची हेडलाइन वाचता येत नाही आणि त्याच्या खालचं बारीक वाचतात! ऑफिसात एका कॉलमचे आकडे दुसऱ्यात जातात. स्कूटर दोनदा डिव्हायडरला घासली. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी टेन्शनच्या गोळ्या दिल्या, त्यानं झोप लागते, बाकी तेच. माझा भाचा पुण्याला एमडी करतोय, तो म्हणाला पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी असू शकते, डिमेन्शियाचाच एक प्रकार. मला पटत नाही, कारण यांची आठवण एकदम पक्की, होळकर टीमनं रणजी कुठल्या कुठल्या वर्षी जिंकली ते आजही धडाधड सांगतात. नणंद म्हणते कामाचा कंटाळा आलाय, नाटकं करतोय. आता दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. काय करू?

उत्तर:

ताई, आधी तारखेचं बोलू. ती पुढे ढकला. रद्द करा असं नाही म्हणत, दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू खरंच दाट असेल तर कधी ना कधी काढावाच लागेल, पण एका डोळ्याचं करून काडीचा फरक पडला नाही तर दुसऱ्याचं लगेच करायची घाई कशाला? सर्जनना सरळ विचारा, "या डोळ्यातला मोतीबिंदू इतका आहे का की त्यामुळे यांना समोरचा पेला सापडू नये?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक "नाही" असंच येईल. आणि दुसरी गोष्ट, स्कूटर. ती आजच बंद. निदान होईपर्यंत थांबू वगैरे नको, दोनदा डिव्हायडरला घासली म्हणजे तिसऱ्यांदा काय होईल त्याची वाट कशाला बघायची. चावी लपवू नका बरं का, त्यांना समोर बसवून सांगा, कारण तुमच्या पत्रावरून त्यांची समजूत शाबूत दिसतेय आणि शाबूत समजुतीच्या माणसाची चावी लपवली की तो फक्त चिडतो.

आता भाच्याचं. मी पेशंट न बघता निदान करत नाही आणि भाच्यानंही ते केलेलं नाही, त्यानं शंका घेतली आहे, पण शंका चांगली घेतली आहे. मी जन्मभर डोळेच तपासले म्हणून सांगतो, "डोळे ठीक आहेत" हे वाक्य आमच्या लोकांनी अर्धं सोडायची फार सवय लावून घेतली आहे. पेशंटला दिसत नाही आणि डोळे ठीक आहेत, म्हणजे दिक्कत डोळ्याच्या मागे आहे, हा पुढचा अर्धा भाग बोलून कागदावर न्यूरोलॉजिस्टचं नाव लिहून द्यायला हवं. ते होत नाही, नवीन नंबर लिहून दिला जातो. तुमच्या बाबतीत दोन वर्षं गेली म्हणून मनाला लावून घेऊ नका, जगभर हेच होतं. २०२४ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या डॉक्टरांच्या मासिकात या आजाराचा मोठा अभ्यास छापून आला, १६ देशांतले हजाराहून जास्त पेशंट, तर त्यात त्रास सुरू होण्याचं सरासरी वय निघालं ५९ आणि सुरुवातीपासून निदानापर्यंत जाणारा वेळ सरासरी ३.८ वर्षं. म्हणजे तिथले मोठमोठे सेंटरवाले सुद्धा पावणेचार वर्षं घेतात.

आता ते आठवण पक्की असण्याचं. आपल्याकडे डिमेन्शिया म्हटलं की नातवाचं नाव विसरणारे, जेवलो की नाही ते विसरणारे आजोबाच डोळ्यांसमोर येतात. ते बरोबरच आहे, नेहमीचा अल्झायमर आठवणीच्या भागापासूनच सुरू होतो. पण डोळा फक्त उजेड आत घेतो, त्या उजेडाचा अर्थ लावायचं काम डोक्याच्या मागच्या भागात चालतं. अगदी मागे ऑक्सिपिटल लोब आहे, तिथून एक रस्ता वर पराइटल लोबकडे जातो, तो वस्तू कुठे आहे, किती लांब आहे, हात कुठे न्यायचा हे बघतो, आणि दुसरा खालून टेम्पोरलकडे जातो, तो ही वस्तू काय आहे ते ओळखतो. हा मागचा भाग झिजायला लागला तर डोळ्यांकडून चित्र येतच राहतं पण त्याचं पुढे काही होत नाही. सियागंजाच्या बाजारात ट्रकमधून माल रोज उतरतोय पण गोदामात रचून ठेवणारा हम्मालच नाही, असं समजा. आठवणीचा भाग लांब, वेगळीकडे, तो बराच काळ ठीक राहतो. म्हणून १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३ ही होळकर टीमची रणजीची वर्षं त्यांना तोंडपाठ आहेत आणि कप सापडत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या आजाराचं वर्णन आणि हे नाव फ्रँक बेन्सन या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टनं १९८८ मध्ये पाच पेशंटवरून दिलं, म्हणून याला बेन्सन सिंड्रोम पण म्हणतात. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९०९ मध्ये, बुडापेस्टच्या रेझ्यो बालिंटनं एका पेशंटचं लिहून ठेवलं होतं ज्याला एका वेळी एकच वस्तू दिसायची, दुसरी शेजारी असली तरी नाही, आणि बघून हात नेला तरी भलतीकडेच जायचा. तो पेशंट वेगळ्या कारणाचा होता पण मेंदूचा भाग हाच. तुमचे मिस्टर चहा बाहेर ओततात ते या दुसऱ्यात बसतं, पेला समोर असून सापडत नाही ते पहिल्यात.

मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य कुठलं वाटलं सांगू? हेडलाइनवालं. तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंय म्हणजे तुम्हालाही ते विचित्र वाटलं. चष्म्याच्या नंबरात, मोतीबिंदूत, शुगरच्या पडद्यात, कशातच असं होत नाही की मोठं अक्षर वाचता येत नाही आणि बारीक येतं. नेहमी उलटं असतं. पण मेंदूनं एका वेळी बघायचा तुकडाच छोटा झाला तर बारीक अक्षर त्या तुकड्यात मावतं, हेडलाइनचं एक अख्खं अक्षर सुद्धा मावत नाही, नुसती काळी काठी दिसते. त्यामुळेच डोळ्यांच्या दवाखान्यात तक्त्यावरचं एकेक अक्षर ते बरोबर सांगत असतील, सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर उत्तम, असं लिहून येत असेल, आणि सगळे म्हणत असतील बघा, दिसतंय की! तक्ता वाचताना त्यांची ओळ चुकते का, एक ओळ सोडून खालच्या ओळीवर जातात का, हे कुणी लिहिलंच नसणार.

आणि म्हणूनच नणंदबाईंचा राग मी समजू शकतो, बाहेरून हे अगदी नाटक वाटतं. जमिनीवर पडलेली टाचणी सापडते आणि टेबलावरचा तांब्या सापडत नाही. वाटणारच. त्यांना वाद घालून पटणार नाही, एकदा न्यूरोलॉजिस्टकडे जाताना सोबत न्या, डॉक्टर जेव्हा एकावर एक काढलेली चित्रं दाखवून ओळखायला सांगतील ना, म्हणजे कात्री, किटली, चावी सगळं एकमेकांत गुंतवून काढलेलं, तेव्हा भाऊ कसा अडकतो ते त्या स्वतः बघतील.

आता कुठे आणि काय, तर क्रम असा. आधी डोळ्यांचीच एक शेवटची नीट तपासणी, पण यावेळी नंबरासाठी नाही. पडदा बघून घ्या, डोळ्याचं प्रेशर, आणि फील्ड टेस्ट म्हणजे पेरिमेट्री, ती मशीनमध्ये डोकं ठेवून दिवा लागला की बटण दाबायची. तिच्यात दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचा भाग गायब आला, म्हणजे समजा दोन्हीची डावीकडची अर्धी बाजू नाही, तर ते डोळ्याचं असूच शकत नाही, ते मागचं आहे. मोतीबिंदू असं करत नाही. एक सांगून ठेवतो, ही टेस्ट त्यांना जड जाईल, रिपोर्टवर "अनरिलायबल" असं येईल, तरी तो कागद फेकू नका. रंगीत ठिपक्यांत आकडा ओळखायचं पुस्तक असतं ते पण दाखवायला सांगा. ठिपक्यांचा रंग बरोबर सांगतात पण आकडा दिसत नाही असं झालं तर ते रंगांधळेपण नव्हे.

मग न्यूरोलॉजिस्ट. इंदूरला न्यूरोलॉजिस्टना तोटा नाही, एमवाय हॉस्पिटलशी जोडलेलं सुपर स्पेशालिटी आहे, प्रायव्हेटवाले आहेत, भोपाळला एम्स आहे. पण जाल तिथे एक गोष्ट सांभाळा. ओपीडीत घाईघाईत डिमेन्शियाची छोटी परीक्षा घेतात, आज तारीख काय, हे तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा, हे चित्र बघून काढा. तुमचे मिस्टर शब्द लक्षात ठेवतील आणि चित्रात नापास होतील. एकूण मार्क बघितले तर बरे येतील आणि कुणी म्हणेल नॉर्मल आहे, किंवा उलट, चित्र, घड्याळ, वाचन सगळं गेल्यामुळे मार्क इतके कमी येतील की कुणी म्हणेल खूप पुढे गेलंय. दोन्ही चूक. कुठले मार्क गेले ते बघायला लावा. जमलं तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून तास-दोन तासांची सविस्तर टेस्टिंग करून घ्या, ती या आजारात फार कामाची, आणि त्या टेस्टिंगला आधीच सांगा की बघण्यावर अवलंबून नसलेली आठवणीची टेस्ट, म्हणजे ऐकून सांगायची, ती घ्या. बेंगलुरूच्या निम्हान्सला अशा आजारांची वेगळी ओपीडी आहे, इथे दोन मतं पडली तर तिथलं एक मत घेण्यासारखं आहे, पहिल्याच दिवशी धावायची गरज नाही.

डॉक्टरांकडे जाताना तोंडी सांगू नका, लिहून न्या. एक पान पुरे. "नीट दिसत नाही" असं लिहू नका, त्यानं काहीच कळत नाही. असं लिहा की पोह्यांची प्लेट अर्धी खाऊन ठेवतात, प्लेट फिरवून दिली की उरलेले पोहे दिसतात. (असं होतं का ते बघा, मी अंदाजानं लिहिलं.) भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ चुकीचं वाचतात, मोबाइलवरचं आकड्यांचं बरोबर. खुर्चीत बसताना हातावरच बसतात. मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी खांबासारखे उभे राहतात. दारातलं काळं पायपुसणं ओलांडून जातात जणू खड्डा आहे. क्रिकेटमध्ये बॉल दिसत नाही. सही बदलली का, चेक परत आला का. डावं-उजवं चुकतं का, हिशोब तोंडी जमतो का, स्पेलिंग जातं का, ते पण लिहा, कारण डावं-उजवं, हिशोब, लिहिणं आणि बोटं ओळखणं हे चारही मेंदूच्या शेजारशेजारच्या जागेत बसतात. ऑफिसातले आकडे इकडचे तिकडे जातात ते निव्वळ बघण्यामुळे की हिशोबाची समजच घसरतेय, ते डॉक्टरांना वेगळं करायचं असतं.

एमआरआय करावा लागेल. ऑर्डर लिहिताना डॉक्टरांना सांगा की फॉर्मवर "पराइटो-ऑक्सिपिटल अ‍ॅट्रोफी बघा" असं लिहून द्या, नाहीतर रिपोर्ट येतो "वयोमानानुसार बदल" आणि आपण खूश होऊन घरी. मागची झीज मुद्दाम शोधली तर दिसते. सुरुवातीला एमआरआय अगदी साधा पण दिसू शकतो, मग पेट स्कॅन, एफडीजी-पेट म्हणतात, त्यात मागचा भाग साखर कमी वापरतोय ते कळतं. त्यापुढे पाठीतून पाणी काढून अमायलॉइड आणि टाऊ या प्रोटीनची तपासणी असते. महाग आहे, सगळीकडे होत नाही. माझं मत विचाराल तर हे करायच्या आधी डॉक्टरांना एकच विचारा, रिपोर्ट असा आला तर उपचार काय बदलेल आणि तसा आला तर काय? उत्तर पटलं तर करा. रक्ताच्या साध्या तपासण्या मात्र सोडू नका, बी-१२, थायरॉइड, शुगर, किडनी-लिव्हर, इन्फेक्शनच्या एकदोन. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं अगदी कॉमन आहे, ते निघालं तर भरून काढा, पण "मिळालं कारण" म्हणून तिथेच थांबू नका.

हे पीसीए, म्हणजे भाच्यानं सांगितलेला आजारच, निघालं तर मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरच असतो. त्याच २०२४ च्या अभ्यासात ज्यांची खात्री करता आली त्यांच्यात ९४ टक्के. तेच प्रोटीन, तीच झीज, फक्त सुरुवात मागून. उरलेल्यात लेवी बॉडी नावाचा दुसरा डिमेन्शिया वगैरे येतात, म्हणून दोन गोष्टी मला तुमच्याकडून हव्यात, त्यांना नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात का, आणि झोपेत ओरडतात, लाथा मारतात का. असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण लेवी बॉडीवाल्या पेशंटला हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांचा फार त्रास होतो आणि मानसोपचारवाल्या डॉक्टरांनाही ते माहीत असायला हवं. आणि हे सगळं जर दोन वर्षांत नाही तर दोन महिन्यांत झालं असतं, सोबत अंगाला झटके येत असते, तर मी तुम्हाला आजच अ‍ॅडमिट करा म्हटलं असतं, तो वेगळाच आजार असतो. तसंच एका सकाळी अचानक एका बाजूचं दिसेनासं झालं तर तो स्ट्रोक समजून तडक इमर्जन्सीत जायचं, अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही.

टेन्शनच्या गोळ्यांबद्दल. बंद करू नका हं मनानं. या आजारात माणसाला आपलं काय जातंय ते कळत असतं, त्यामुळे घाबरेपणा, उदासी खरीच असते, पण नजरेची अडचण टेन्शननं आलेली नाही, उलट दिसत नाही म्हणून टेन्शन आलंय. गोळ्या कुठल्या ते न्यूरोलॉजिस्टना दाखवा, काही झोपेच्या गोळ्यांनी डोकं आणखी सुस्त होतं, त्या बदलता येतात.

औषध? झीज थांबवून मागे आणणारं औषध नाही, कुणी आयुर्वेदाच्या काढ्यानं, कुणी मेंदूच्या टॉनिकनं बरं करतो म्हणालं तर पैसे वाचवा. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमॅन्टिन ही अल्झायमरची औषधं इथेही देऊन बघतात, कुणाला थोडा फायदा होतो, सुरू करायच्या आधी ईसीजी काढतात कारण पहिली दोन नाडी मंद करू शकतात. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत अमायलॉइड काढून टाकणारी सलाइनमधून द्यायची औषधं मंजूर झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे मेसेज फिरतात, पण ती पण घसरण थोडी मंदावतात इतकंच, मेंदूत सूज आणि रक्तस्रावाची रिस्क असते आणि त्यांच्या ट्रायलमध्ये मुख्यतः आठवणीवालेच पेशंट होते.

मग घरात काय करायचं, तर इथे मात्र खूप काही करता येतं आणि ते आजपासून, निदानाची वाट न बघता. सगळा खेळ रंगाच्या फरकाचा. चकचकीत स्टीलच्या ताटात दिवा चमकतो आणि पदार्थ हरवतो, साधं गडद निळं किंवा हिरवं ताट आणा, त्यात भात, पोहे, पोळी सगळं उठून दिसतं. पांढऱ्या कपात चहा ओतायचा तर तो गडद ट्रेवर ठेवा, आणि खरं तर तुम्हीच ओता, गरम पाण्याशी प्रयोग नकोत. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी टेप. काळी पायपुसणी आणि डिझाइनची सतरंजी उचला, कारण त्यांना तिथे खड्डा किंवा पायरी वाटते. वस्तू रोज त्याच जागी, टेबलावर एका वेळी कमी वस्तू. "अहो तिकडेच तर आहे, समोर!" हे वाक्य घरातून हद्दपार करा ताई, "तिकडे" आणि "समोर" हेच तर त्यांना सापडत नाहीये. "उजव्या हाताला, डब्याला लागून" असं सांगा, किंवा हात धरून वस्तूवर ठेवा, हाताला लगेच कळतं. शर्ट पलंगावर उघडून, गळा वर करून ठेवा. वाचायला पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून द्या, तीच ओळ दिसते, वरची खालची नाही. अक्षर मोठं करून देऊ नका, सगळे आधी तेच करतात आणि का नको ते हेडलाइननं तुम्हाला सांगितलंच आहे. मोबाइलला बोलायची, वाचून दाखवायची सोय असते ती मुलाबाळांकडून चालू करून घ्या. आणि मॅच टीव्हीवर न लावता रेडिओची कॉमेंटरी लावा, त्यांना अख्खं मैदान डोक्यात आहे, बॉल शोधायची झंझट नको.

ऑफिस आणि पैशाचं. लेखी निदान हातात येईपर्यंत व्हीआरएसवर सही नको. बॉस नाराज असला तरी नको. त्यांना सांगून आकड्यांचं काम दुसऱ्याला तपासायला मागा, चूक लपवण्यात नोकरी जास्त धोक्यात येते. आणि बँकेतली खाती जॉइंट, नॉमिनेशन, मृत्युपत्र, घराचे कागद हे आत्ताच, ते स्वतः समजून सही करू शकतात तोवर. खूप लोक म्हणतात पॉवर ऑफ अटर्नी करून ठेवली की झालं, तर आपल्या कायद्यात माणसाची समज गेली की ती पॉवर पण संपते, त्यामुळे फक्त तिच्यावर विसंबू नका, चांगल्या वकिलाला एकदा भेटा. या सगळ्या बैठकीत मिस्टरांना बसवा, त्यांच्या पाठीमागे नको. भाच्यानं सांगितलेलं नावही त्यांना सांगा, दोन वर्षं ते स्वतःला धांदरट समजत असतील, नाव कळल्यावर काहींना रडू येतं आणि काहींना चक्क बरं वाटतं.

तुमच्यासाठी, म्हणजे सांभाळणाऱ्यांसाठी, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया आहे, १९९२ पासून काम करते. ज्येष्ठांच्या कामांसाठी सरकारची एल्डरलाइन १४५६७ आणि मन फार जड झालं तर टेली-मानस १४४१६, तिथे घरच्यांनीही फोन केलेला चालतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा रेअर डिमेन्शिया सपोर्ट म्हणून ग्रुप आहे, त्यात या आजाराचा वेगळा गट आहे, भाच्याला म्हणावं त्यांची माहिती वाचून तुम्हाला मराठीत सांग, एमडीचा अभ्यास पण होईल.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना ते लिहिलेलं पान, जुने चष्म्याचे सगळे नंबर, ऑपरेशनचे कागद, गोळ्यांची पाकिटं आणि एमआरआय झाला असेल तर नुसता रिपोर्ट नाही, सीडी आणि फिल्म पण न्या. रिपोर्ट दुसऱ्यानं लिहिलेला असतो, फोटो त्यांना स्वतःला बघू देत.